फोटोपुढचा ग्लास

एटोबिकोमध्ये मी ज्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते, त्या घराच्या मालकीणबाई व्हिएतनामी आहेत. पंचाहत्तरीच्या पुढच्या, एकट्या. मी त्यांना आजी म्हणते. अर्थ सांगितला तेव्हा त्या हसल्या आणि त्यानंतर भाजी केली की वाटीभर खाली पाठवू लागल्या.

रोज सकाळी सातला त्या कॉफी करतात. त्यांचा फिल्टर म्हणजे तळाला बारीक भोकं असलेली स्टीलची छोटी वाटी. ती ग्लासवर ठेवायची, पूड घालायची, वरून उकळतं पाणी. मग थेंब थेंब पडत राहतात. ग्लासात आधीच घातलेलं कंडेन्स्ड मिल्क खाली पांढरं राहतं, वर काळी कॉफी साचते. पहिला ग्लास नवऱ्याच्या फोटोपुढे, तीन उदबत्त्यांसह. तासाभराने तो त्या स्वतः पितात. आपल्या नैवेद्यासारखंच, म्हणून मला कधी वेगळं वाटलं नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मॉन्ट्रियलच्या मुलीचं ऑपरेशन निघालं. जाताना त्यांच्या तुटक इंग्रजीत मला म्हणाल्या, "दहा दिवस तू कर. ढवळू नकोस. टाकू नकोस, नंतर तू पी."

पहिले दोन दिवस सरळ गेले. तिसऱ्या दिवशी ग्लास ठेवून मी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ फावड्याने काढायला गेले. परत येऊन बघते तर कॉफी सगळी एकसारखी तपकिरी. चमचा मी ठेवलाच नव्हता. घर गरम ठेवणारी फर्नेस चालू झाली की जमीन थरथरते, त्याने मिसळली असेल, असं म्हणून मी ती प्याले.

चौथ्या दिवशी मी समोर बसूनच राहिले. पाऊण तास काही झालं नाही. मग मीटिंगची वेळ झाली म्हणून लॅपटॉप आणायला खाली गेले, दोन मिनिटांत वर आले. कॉफी ढवळलेली होती. वरचा फेस अजून गोल फिरत होता.

ती मला पिववली नाही, सिंकमध्ये ओतली. उरलेले दिवस मी ग्लास ठेवून मागे न बघता खाली यायची, आणि दुपारी जाऊन एका घोटात संपवायची.

आजी परतल्यावर मी जरा चेष्टेतच म्हणाले, "तुमचे मिस्टर रोज ढवळून पीत होते."

त्या हसल्या नाहीत. "ते कधीच ढवळायचे नाहीत. आधी कडू प्यायचे. दूध शेवटी चमच्याने खायचे." मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुझ्या घरचं कोण गेलंय?"

"वडील. दीड वर्ष झालं."

माझे व्हिसाचे कागद अडकले होते, नागपूरला जाता आलं नव्हतं. दहाव्याला भावाने व्हिडिओ कॉल केला होता. कावळा लगेच शिवला, तेव्हा बाबांचं काही राहिलं नाही असं आम्ही सगळ्यांनीच धरलं.

"मग ते असतील," आजी म्हणाल्या. दारात कुरिअर आलंय म्हणावं, इतक्या सहज.

खाली येऊन मी आईला फोन लावला. "आई, बाबा कॉफी प्यायचे का गं?"

"घरात नाही. शुगर निघाल्यापासून मी बंदच केली होती. बाहेर प्यायचे चोरून, भरपूर गोड. का गं?"

"असंच."

दुसऱ्या दिवशी आजींनी दोन ग्लास मांडले आणि माझ्याकडे बाबांचा फोटो मागितला. मी दोन आठवडे टाळत राहिले. दिला तर ते इथेच राहतील याची भीती वाटायची, आणि नाही दिला तर कुठे जातील याचीही. शेवटी प्रिंट काढून आणली. आजींनी ती नवऱ्याच्या फोटोशेजारी, चार बोटं खाली लावली.

तेव्हापासून पहिल्या ग्लासातलं दूध तळाशी शांत असतं. दुसरा रोज ढवळलेला सापडतो. तो मी पिते. दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क माझ्या डोळ्यांदेखत पडलेलं असतं, तरी तो जराही गोड लागत नाही. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.