हवालदार मास्तरांचं दुसरं रीळ

मानसिंग हवालदार आमच्या हायस्कुलात ड्रिल मास्तर होते. उंब्रजपासून थोडं आत असलेलं ते गाव. घरटी एक माणूस फौजेत आणि बाकीचे उसात. हवालदारांची फौजेतली सगळी नोकरी इस्पितळात गेली होती. बंदुकीपेक्षा बँडेजच त्यांनी जास्त हाताळलं असावं. पण गावाच्या लेखी त्यांनी निदान एक तरी खिंड लढवलेली होती, आणि हवालदारांनी ते कधी नाकारलं नाही.

मी मूळचा सांगलीचा, तिथं मराठी शिकवायला गेलो होतो. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. बोलणं अगदी कमी. 'सावधान' आणि 'विश्राम' सोडले तर दिवसभरात फारसं काही कानावर यायचं नाही. एकटेच राहत. चौपन्न साली ते रजेवर घरी असताना बायको रंगूबाई आणि मूल बाळंतपणात गेलं होतं. एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यापुढचं कुणी विचारत नसे.

सदुसष्ट सालच्या थंडीत साताऱ्याहून सरकारी प्रचाराची गाडी आली. संध्याकाळी चावडीपुढे मोठ्यांसाठी लाल त्रिकोणाचा, म्हणजे कुटुंबनियोजनाचा, सिनेमा होता. हेडमास्तरांनी दुपारी दहावी-अकरावीच्या मुलांना ऊस लागवडीचा सिनेमा दाखवायची विनंती केली. गाडीवरचा माणूस म्हणाला, मशीन घ्या, मी तेवढ्यात औंधला यमाईचं दर्शन करून येतो. सरकारी गाडी हातात असली की माणसाला देव फार आठवतो. हवालदारांना फौजेत मशीन चालवायची सवय होती, त्यामुळे रिळांचे डबे त्यांच्या ताब्यात आले. त्यातलं एक रीळ पुढं कऱ्हाडला नर्सांच्या वर्गासाठी जायचं होतं.

हॉलच्या खिडक्यांना घोंगडी लावून अंधार केला. उसाचा सिनेमा व्यवस्थित झाला. पडद्यावरच्या शेतकऱ्याच्या सरीत मुलांनी चुका काढल्या. मग तास संपायला वेळ आहे असं बघून हवालदारांनी, कुणाला न विचारता, दुसरं रीळ लावलं.

ते बाळंतपणाचं होतं. नर्स हात धुते, पाणी उकळते, त्यात पातं आणि दोरा उकळते. मग मूल येतं, ती नाळ बांधते आणि कापते. काही झाकलेलं नव्हतं. मागच्या बाकावरचा एक दांडगा मुलगा, जो बैल लोळवायचा, धाडकन खाली गेला. हेडमास्तर संतापून उठले आणि पुन्हा बसले, कारण अंधारात त्यांना दार सापडेना. अकरावीच्या तीन मुली पुढच्या सतरंजीवर होत्या. त्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत. गावातून मॅट्रिकला बसणाऱ्या त्या पहिल्याच मुली.

संध्याकाळपर्यंत गाव पेटलं. हिंदुराव हे शाळेच्या मंडळाचे चेअरमन. त्यांची जाई त्या तिघींतली. त्यांनी चार वडीलधारी माणसं बसवून निकाल दिला, की पोरांनी जन्म पाहिला, तेव्हा पोरांना सोयर आलं. घरात मूल जन्मलं की घरच्यांनी दहा दिवस देवाला शिवायचं नाही, हा तिथला रिवाज. पडद्यावरच्या बाईचं सोयर कुणाला लागतं, हा प्रश्न गावापुढे आजवर आला नव्हता, म्हणून शंका नको, सगळ्यांनाच लावलं. आठवड्यावर यात्रा होती. पालखीपुढे लेझीम खेळणारी सगळी पोरं बाद झाली, आणि सोयरातलं पोर शाळेच्या सरस्वतीपुढे कसं बसवायचं, म्हणून वर्गही रिकामे झाले.

गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या केरूची मुलगी तेवढी यायची. हेडमास्तरांनी केरूला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, "आमी बुद्धाची दीक्षा घेतली सायेब. सोयर-सुतक तवाच सोडलं. पोरगी येनार." त्या आठवड्यात माझे सगळे तास त्या एका मुलीला ऐकावे लागले. या प्रकरणात खरी शिक्षा झाली असेल तर तिला.

जाईचं वेगळंच झालं. हिंदुराव शाळेत येऊन सांगून गेले, "सोयर फिटलं तरी माजी पोरगी यायची न्हाई. ह्यो मानसिंग हितं हाय तवर तर न्हाईच न्हाई." परीक्षा मार्चमध्ये होती. जाई हुशार होती. माझ्या तासाला ती एकटीच कंटाळत नसे, त्यामुळे मला तिचं विशेष वाईट वाटलं हे कबूल करतो. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि मैदानावर जाऊन कुणीही नसताना चुन्याच्या रेघा मारत बसले.

रविवारी पालकांची सभा भरली. अडचण अशी, की पोरांना नेमकं काय दाखवलं हे एकाही पोरानं घरी सांगितलं नव्हतं. आरोप तर ठेवायचा, पण शब्द कुणाच्या तोंडून निघेना. शेवटी हिंदुरावांनी कऱ्हाडहून परतणारी ती गाडी हमरस्त्यावर अडवून शाळेत आणली आणि हवालदारांना म्हणाले, "दाव काय दावलंयस त्ये."

पुन्हा घोंगडी लागली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, बायांच्या पुढे गावची सुईण बनाबाई. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. सिनेमा सुरू झाल्यावर पुरुषांपैकी एकेक जण तंबाखू थुंकायला बाहेर गेला आणि परत आला नाही. बाया मात्र नीट बघत होत्या. पातं उकळताना दिसलं तेव्हा बनाबाई अंधारात म्हणाली, "आन् ह्ये कशापायी?" मशीनमागून हवालदारांनी उत्तर दिलं, "जखमंत इख जाऊ नये म्हणून."

घोंगडी निघाली. हिंदुराव उभे राहिले. त्यांचाही चेहरा उतरला होता, पण चेअरमन बाहेर जाऊ शकत नव्हते.

"मानसिंग, ह्ये पोरास्नी दावायच्या आदी आईबापाची परवानगी घ्यायला नको व्हय?"

"घ्यायला पायजे हुती तात्या. चुकलंच."

"मग का न्हाई घेतली?"

हवालदार सावधानमध्ये उभे होते. "एक डाव मागितली हुती. चौपन्न साली. माज्या पिशवीत पातं हुतं, स्पिरिट हुतं. दारात हुबा राहून म्हनलं, मला आत यिऊ द्या, न्हाईतर येवढं पातं तरी घ्या. गडीमानसानं आत यायचं नसतं म्हनले. आत नाळंला इळा वापरला. पोरगं आठवड्यानं गेलं, ती त्याच्या मागनं. म्हनून ह्या खेपंला इचारलं न्हाई."

मला त्यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं काही न विचारता काढल्याची लाज वाटली.

बनाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "म्याच न्हाई म्हनलं हुतं. इळा माजाच. मला ह्ये कवा कुनी दावलंच न्हवतं रं." आणि तिनं तोंडाला पदर लावला.

थोड्या वेळानं मागून केरूनं विचारलं, "आवं तात्या, मग आता सगळ्या गावानंच बघितलं. येत्या यात्रंला पालखी कुनी उचलायची?"

वडीलधाऱ्यांची पुन्हा मसलत झाली. पडद्यावरच्या बाईचं सोयर लागत नाही, असं ठरलं. ते मागच्या तारखेपासून लागू झालं.

पण हिंदुराव एकदा बोललेला शब्द गिळणारे नव्हते. हवालदारांनाही ते माहीत होतं. ते म्हणाले, "मी शाळा सोडतो तात्या. जाईला धाडा." हिंदुरावांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी जाई वर्गात आली आणि हवालदार मळ्यात गेले. ड्रिलचा तास हेडमास्तर घेऊ लागले, त्याबद्दल न बोललेलं बरं.

मार्चमध्ये जाईची परीक्षा झाली. पेपर कसे गेले ते विचारायला मी एका सकाळी हिंदुरावांकडे गेलो, तर घरात गडबड. थोरली सून अडली होती, बनाबाई आत होती, आणि हिंदुराव घरात नव्हते. थोड्या वेळानं ते आले, मागून हवालदार. चेअरमन स्वतः मळ्यात जाऊन त्यांना घेऊन आले होते. तिथं काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणी कधी सांगितलं नाही.

हवालदारांनी अंगणातल्या चुलीवर पातेलं ठेवलं, पिशवीतून नवं पातं आणि दोरा काढून उकळायला टाकला, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मग पातेलं घेऊन बंद दाराशी गेले आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबले. आतून बाईच्या कण्हण्याचा आवाज येत होता. हिंदुराव मागं उभे होते, हात चोळत.

हवालदारांनी विचारलं, "यिऊ का आत?"

आतून बनाबाई खेकसली, "आता आनि काय इचारतुयास? ये की लेका, येळ घालवू नगंस."

दार जाईनं उघडलं. हवालदार तरीही क्षणभर तिथंच उभे राहिले. मग त्यांनी वहाणा पायानंच काढून पायानंच भिंतीला नीट लावून ठेवल्या, आणि वाकून आत गेले.