काटा शेवंतामावशींच्या बाजूला

लक्ष्मण आप्पा कुणाच्याही गाडीत बसले की आधी दारावर आतून बोटाच्या पेराने टकटक करत आणि मान तिरकी करून ऐकत. मग निकाल देत, "वाजतंय. म्हंजी नीट बसलेलं न्हाई." नव्याकोऱ्या गाडीच्या मालकालाही ते हे तोंडावर सांगत. त्यामुळे मांडवगण फराटा गावात त्यांना गाडीत घेणारे कमी होते.

शिरूरकडच्या एका कारखान्यात त्यांनी अकरा वर्षे मोटारींचे डॅशबोर्ड बसवले. त्या गाड्या परदेशी जात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे कंत्राटी माणसे आली आणि आप्पांना घरी बसवले. मी तेव्हा पत्रके लिहून कारखान्यांच्या गेटवर वाटत असे. लढ्यात या, असे सांगायला गेलो, तर आप्पा अंगणात जुन्या जीपच्या सांगाड्याला प्लायवूडचे तुकडे लावून बघत होते.

"आप्पा, तुमच्यावर अन्याय झालाय."

"व्हय, झालाय. जरा ते टोक धर."

ही खटपट त्यांच्या बायकोसाठी, शेवंतामावशींसाठी होती. चार वर्षांपूर्वी त्या प्रवासी कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये असताना ती उलटली. लागले फारसे नाही. पण उलटण्याआधी सगळी जीप खडखडत होती, तो आवाज त्यांच्या डोक्यातून गेला नाही. त्यानंतर त्या कोणत्याच गाडीत बसल्या नव्हत्या. दौंडला त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. तिचा निरोप आला की मावशी एस.टी.च्या पायरीपर्यंत जात आणि माघारी येत.

"न वाजणारी गाडी इकत मिळत न्हाई," आप्पा म्हणाले, "म्हनून बनिवतोय."

बाहेरचा पत्रा वाजू नये म्हणून त्याला आतून जाड थर हवा होता. त्यांनी माझ्याकडे उरलेली पत्रके मागितली. मी भडकलो.

"आप्पा, ते विचार आहेत!"

"मग तुज्या घरात गठ्ठा कशाला पडलाय? भितीवर लावतूस, पावसात जातंय. हितं टिकंल तरी."

त्यांनी माझी पत्रके खळीने थरावर थर चिकटवली. त्यावर फोम आणि तपकिरी रेक्झिन लावलेले पॅनेल बसवले, एकेक क्लिप अंगठ्याने दाबली. टकटक केली. आवाज बसका आला. "आता कसं!"

डॅशबोर्डच्या वेळी मात्र त्यांनी आधी पुठ्ठ्याचा साचा केलाच नाही. आकार हाताला पाठ होता. फळी कापली, भोके पाडली, स्पीडचे मीटर बसवले आणि मागे सरून बघितले. स्टिअरिंग उजवीकडे होते आणि मीटर डावीकडे. कारखान्यातून परदेशी जाणाऱ्या त्या गाड्यांत चालवणारा डावीकडे बसे.

आप्पांनी मीटरच्या काचेवरून अंगठा फिरवला. "अकरा वरसं त्यांच्यासाठी राबलो. हातबी त्यांचाच झाला बग."

चूक आहे ती उखडून टाकावी, असे माझे ठाम मत होते. मी ते बोललोही. आप्पांनी स्क्रू काढायला घेतले. तेवढ्यात चहा घेऊन मावशी आल्या.

"अवं, त्यो काटा कसला?"

"किती पळतीय त्याचा. चुकून तुज्याकडं आला."

"म्हंजी हितं बसल्यावर मला दिसंल?"

"दिसंल की."

मावशींनी चहाचे कप बॉनेटवर ठेवले आणि डाव्या बाजूला चढून बसल्या. चार वर्षांनी. "मग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

आप्पांनी काढलेले दोन स्क्रू परत आवळले.

आठवड्याने आम्ही दौंडला गेलो. मी मागे बसलो होतो. सगळ्या वाटेत दार एकदाही वाजले नाही. मावशींची नजर काट्यावरून हलली नाही. "तीस. पस्तीस. अवं, चाळीस!" असे त्या म्हणाल्या की आप्पा मुकाट्याने पाय उचलत. त्या दुपारी मावशी आईच्या उशाशी बसून होत्या. त्यानंतर दर महिन्याला त्यांची फेरी होई. आईच्या शेवटच्या दिवशीही त्या तिच्याजवळ होत्या.

पुढे काही वर्षांनी आप्पा गेले. गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला राहू गावाहून एक गिऱ्हाईक आले. त्याला पॅनेलचे काम फार आवडले. "मीटर तेवढं उजवीकडं घेतो, मावशी," तो म्हणाला.

मावशींनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. "मग न्हाई जमायचं."

तो गेल्यावर मी विचारले, "मावशी, आता गाडी चालवणार कोण?"

"चालवाया कुनीबी मिळंल," त्या म्हणाल्या. "डावीकडं मी हायच की."