हळदीच्या ओवीला रडलेल्या बायका

मुलांनो, गेल्या वर्षी मार्गासनीला माझ्या दिराच्या नातीचं लग्न झालं. हळदीची व्यवस्था माझ्याकडे होती. वेळा लिहिलेला कागद मी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला होता: चारला जातं पुजायचं, साडेचारला हळद दळायची, सहाच्या आत नवरीची आंघोळ.

पीठ आता गिरणीतूनच येतं, पण लग्नाची हळद अजून जात्यावर, ओव्या म्हणत दळतात. ओव्या येतात फक्त माझ्या धाकट्या जावेला. ती विधवा, म्हणून जात्याला हात लावायचा नाही. दाराबाहेर बसून गायचं. ती जागाही मीच नेमून दिली होती.

तिने आवाज लावला:

बापाच्या अंगणाची, माती पायाला लागली
सासूच्या उंबऱ्यात, आधी तीच झाडून टाकली

जात्याच्या खुंट्यावरचे हात थांबले. नवरीच्या आईने तोंडाला पदर लावला; लग्न झाल्यापासून ती माहेरी आठवडाभरही राहिलेली नाही. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले आणि सासऱ्यांच्या एका वाक्यावर कॉलेजातली नोकरी सोडली, ते मला आठवलं. प्रत्येकीला आपापलं काही आठवलं असणार. आम्ही सगळ्या रडलो. रडून बरं वाटलं.

एकटी नवरी रडली नाही. वीस वर्षांची पोर, भोरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, परीक्षेला दोन महिने राहिलेले. मुलाकडच्यांचं पानशेतला हॉटेल. पुण्याहून फिरायला येणाऱ्या गर्दीसाठी भाकऱ्या थापायला घरचं माणूस हवं होतं, म्हणून त्यांना घाई.

ती पाटावरून उठली. "ह्ये समदं तुमाला ठावं हाय, तर मला कशाला धाडताय? मला न्हाई जायचं. परीक्षा झाल्याबिगर तर न्हाईच."

"अगं, गाणं हाय त्ये!" तिची आई म्हणाली. "गाणं कुणी खरं धरतं व्हय?"

"आमी बी लई रडलो," आत्या म्हणाली. तिचे डोळे अजून ओलेच होते. "म्हून काय वरातीच्या टेम्पोतनं उडी टाकली?"

सगळ्या खदखदून हसल्या.

पोरीने माझ्याकडे पाहिलं. "आजी, तुमी शिकलेल्या. तुमी म्हनला तर थांबत्याल."

खरंच थांबले असते. त्या घरात माझा शब्द मोडत नाहीत. मी घड्याळ पाहिलं; पावणेपाच झाले होते.

"नीट बस," मी म्हणाले. "उशीर होतोय."

दोघींनी तिचे खांदे दाबून तिला बसवलं. आत्याने हळद चोळली, ती डोळ्यांतही गेली. जावेने ओवी अर्ध्यात सोडली होती. मी तिला म्हणाले, "आता काहीतरी आनंदाचं म्हण." तिने म्हटलं.

त्या दिवशीचा फोटो मी तुम्हाला पाठवला, तेव्हा तुम्ही विचारलंत, नवरी का रडते आहे? आमच्याकडे तशी रीत आहे, असं मी लिहिलं. परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी तिच्या आईला फोन केला. पोर पानशेतला चुलीपुढे बसली होती.