टांग्यातले लाटसाहेब

"आज लाटसाहेब नाराज हायती," असं म्हणून तो टांगेवाला उजवा पाय उचलून पुढच्या फळीवर ठेवायचा. लाटसाहेब म्हणजे त्याच्या पायाचा अंगठा. लढाईच्या दिवसांत कराड स्टेशनावर उतरला असाल, तर तुम्हीही त्याच्या टांग्यात बसला असाल.

टांग्याची घंटा पायानं दाबायची. अंगठा बरा असला की ती वाटभर वाजायची. सुजला की तो तोंडानंच "ठण ठण" करायचा. माणसं हसून बाजूला होत. घोडी मात्र त्या आवाजाला फसत नसे.

पेट्रोल मिळेनासं झालं आणि टांग्याला उसंत उरली नाही. नेमका तेव्हाच अंगठा असा लाल झाला, की धोतराचा सोगा लागला तरी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मीच त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वातरक्ताचं औषध दिलं, बाटलीला मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून. माझ्यादेखत बजावलं, "खुणेपेक्षा थेंबभरही जास्त नको. पोट सुटलं की लगेच बंद, नाहीतर जिवावर येईल."

सूज उतरली, घंटा वाजू लागली. पण माणूस फिका पडला होता.

"मास्तर, पोट लय सुटलंय. डाक्तर काय म्हनलं हुतं? बाटली बंद करू का?"

मला आठवत होतं. पण रविवारी माझ्या बहिणीची पाठवणी होती आणि टांगा त्याचाच ठरला होता. औषध थांबलं, अंगठा पुन्हा सुजला तर?

"अहो, वात बाहेर पडतोय," मी म्हणालो. "संपवा बाटली."

रविवारी त्यानं बहिणीला गाडीवर पोचवलं, आणि परत फिरताना घोडीच्या पायाशीच कोसळला.

डॉक्टरांनी शिरेतून मिठाचं पाणी देऊन वाचवला. तो शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, "औषध बंद का केलं नाही?" मी दाराशी उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"इसरलो, डाक्तर. मास्तर सांगत हुतं बंद करा म्हनून."

पुढं वातानं कण्हणारं गिऱ्हाईक बसलं, की तो सांगायचा, "पोट सुटलं की बाटली बंद. आमच्या मास्तरांचा नेम हाय."

एकदा मी धीर करून म्हणालो, "अहो, त्या दिवशी मी..."

"गप बसा, मास्तर. घोडी बिचकंल."

आता तो नाही. परवा माझाच अंगठा सुजला. नवे डॉक्टर सांगू लागले, "पोट सुटलं की..."

"बंद," मी म्हणालो.

"कुणी सांगितलं?"

बाहेरून कुठल्याशा टांग्याची घंटा ऐकू येत होती. मी त्याचं नाव घेतलं, आणि मग उरलेलंही सांगितलं.