गोठ्याच्या स्लॅबवरचं प्रशिक्षण
परवा कराडच्या दवाखान्यात हाताला सॅनिटायझर लावलं आणि त्या वासासरशी मला आमच्या गोठ्याचा स्लॅबच आठवला बघा. कोरोनात शाळा बंद होती आणि मोबाइलला रेंज तेवढी तिथंच मिळायची, म्हणून आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई मास्क लावून, सॅनिटायझरनं हात चोळत शिडी चढायच्या आणि मुख्याध्यापकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाला बसायच्या. खाली म्हशी, शेजारी मी शेंगा वाळत घालत असायची. एके दिवशी प्रशिक्षण देणारे साहेब सांगत होते, आता सगळा अभ्यास मोबाइलवर पाठवायचा. मी आपली सवयीनं मोठ्यांदा बोलले, "आवं बाई, ज्यांच्या घरात फोनच न्हाई, त्या पोरांनी काय करायचं?" माइक चालूच होता, सगळ्या तालुक्यानं ऐकलं. "कोण बोललं?" साहेबांनी विचारलं. मला वाटलं, आता माझ्यापायी बाईंना बोलणी बसणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या गावच्या आजी, साहेब. माझाही हाच प्रश्न आहे." साहेबांनी पुढचा विषय घेतला. बाई खाली उतरल्या त्या थेट देवळात गेल्या, आणि नळाला पाणी सुटल्याचं तिथल्या ज्या भोंग्यावरून सांगतात, त्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या आवाजात पाढे ऐकू आले. दारादारांतून पोरं मागोमाग म्हणू लागली. पुढच्या प्रशिक्षणात भोंग्यावरून कसं शिकवायचं, ते साहेबांनी बाईंनाच सगळ्यांना शिकवायला लावलं. मी कधी शाळेत गेले नाही, अक्षरं घरीच गिरवली. पण शेंगा फोडता फोडता तेराच्या पाढ्यापर्यंत पोचले. अजूनही भोंगा खरखरला, की सगळ्या बाया घागरी उचलतात आणि मी आधी कान देते, बाई काही शिकवतायत का.