उपदेशाला उभी राहिलेली बाई

ईस्टरला मित्रासोबत बाभुळगावच्या चर्चमध्ये गेलो आणि ऐटीत बायकांच्या बाजूच्या सतरंजीवर मांडी घातली. एका ठेंगण्या बाईने मला हसत पुरुषांकडे पिटाळलं. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आजारी होते, म्हणून उपदेश तीच करणार होती.

ती उभी राहताच मंडळीतले एक म्हातारे उठले. "बाईनं मंडळीत गप्प राहावं, असं शास्त्रात लिवलं हाये."

तिने पदराने चष्मा पुसला. "बाबाजी, प्रभू कबरीतून उठल्याची खबर पयले बाईनंच सांगतली. ती गप्प रायली असती, तर तुमी आज इथं कायले आले असते?"

म्हातारे पुढे गेले आणि माईक तिच्या उंचीला खाली करून म्हणाले, "बोल माय."

हे मी बायकोला अशा ताठ मानेने सांगतो, जणू उपदेश मीच केला.