थोड्या दिवसांसाठी ठेवलेला पैसा

माझं माहेर मेडशीकडे. तिथली वडिलांची थोडी जमीन रस्त्यात गेली. मोबदला आला तेव्हा मी न मागताच भावाने माझा हिस्सा माझ्या खात्यात टाकला. घरात सगळ्यांना कळलं आणि ते पैसे कशाला लावायचे हे ज्याने त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. मला कोणी विचारलं नाही. मीही तशी बोलणारी नाही. चौथीनंतर शाळा सुटली, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की मी मागे सरते.

माझी लेक तेव्हा वर्षभरापासून माहेरी परत आलेली होती. आली त्या दिवशी तिच्या पाठीवरच्या वळांना मी हळद लावली. पुढे तिच्या सासरहून निरोप आला. जावयाला माल वाहायची गाडी घ्यायची आहे, सुरुवातीचे पैसे आम्ही भरले तर ते तिला नांदवायला नेतील. लेक म्हणत होती, मला नर्सिंगला जायचं आहे. माझ्या मालकांना दोन्ही पटायचं. सासूबाई म्हणायच्या, "पैसा घेऊन काय करता? पोरगी आपल्या घरी गेलेली बरी."

नर्सिंगचे प्रवेश निघायला अजून काही महिने होते. पैसे साध्या खात्यात दिसत होते तोवर रोज तोच विषय. शेवटी लेकीनेच मोबाइलवर कमी मुदतीचा डेट फंड शोधून काढला. मी भाकरी थापत होते तेव्हा जवळ बसून तिने समजावलं.

"हा शेअरचा नाही माय. हे लोक सरकारले, बँकेले, मोठ्या कंपन्यांले थोड्या दिवसासाठी पैसे देतात. त्याचं व्याज येते ते आपल्या पैशात जमा होत राह्यते."

"आन बुडाले तं?"

"हमी कोनीच देत नाही. पन मुदत कमी असते, म्हनून लय खालीवर होत नाही. एखाद्या दिवशी कमी दिसन, तवा घाबरजो नको."

एफडी का नको, हेही मी विचारलं. फी कधी भरायची ते माहीत नाही, मधेच मोडली तर व्याज कापतील, असं ती म्हणाली. फंडातून कधीही काढले तरी दोन-तीन दिवसांत खात्यात येतात. मालकांनी लगेच मान डोलावली. तेवढे महिने तरी कोणाला हो-नाही म्हणावं लागणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

माझी ओळख पटवायला फंडाच्या कंपनीची मुलगी मोबाइलवर समोरासमोर बोलणार होती. मी धुतलेली साडी नेसून भिंतीपुढे बसले. पलीकडे लेकीच्याच वयाची मुलगी दिसली. ती म्हणाली, "मॅडम, पूर्ण नाव सांगा."

मी माझं नाव आणि आडनाव सांगितलं.

"मधलं पण सांगा, कार्डवर आहे तसं."

मधलं नाव मालकांचं. लग्न झाल्यापासून मी ते असं सरळ तोंडाने घेतलेलं नाही. लिहिते, पण बोलत नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात शेजारचं कोणी सांगून टाकतं. मी लेकीकडे पाहिलं. तेवढ्यात ओसरीवरून सासूबाईंनी ते नाव ओरडून सांगितलं.

मुलगी म्हणाली, "बाजूला कोणी बोललं तर मला कॉल बंद करावा लागतो." आणि तिने तो बंद केला.

लेक हसत सुटली. सासूबाई आत आल्या. "काय चुकलं माह्यं? माह्याच पोराचं नाव हाय. आता तुले लाज वाटते तं उखान्यात घे."

"आजी, तिथं उखाने चालत नाहीत."

"काहून? नावच पाह्यजे न तिले?"

मालक दारात उभे होते. "घे अवं, काही होत नाही मले," म्हणाले आणि चप्पल घालून अंगणात गेले. सासूबाईंनाही हाताला धरून घेऊन गेले.

दुसऱ्या कॉलला मी नाव घेतलं. आवाज इतका बारीक निघाला की मुलीने पुन्हा म्हणायला लावलं. मग नीट निघाला.

पैसे फंडात गेले. एका दिवशी आदल्या दिवसापेक्षा थोडे कमी दिसले, तेव्हा मला जेवण गेलं नाही. दोन दिवसांत ते भरून निघाले.

प्रवेश निघायच्या आधीच व्याह्यांचा फोन आला. मालकांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्पीकर लावतात. व्याही म्हणाले, "गाडीचं पक्कं करून राह्यलो आमी. तुमचं काय?"

"पैसे अडकले न पाहुणे. फंडात हायत. सध्या निघत नाहीत."

"असू द्या. निघतीन तवा सांगजा, तवाच पोरीले घ्याले येतो."

मालकांना भांडण टाळायचं होतं, हे मला कळत होतं. पण अडकलेला पैसा कधीतरी सुटतो, आणि सुटला की ही माणसं दारात येणार. लेक तूर निवडत होती. तिचे हात थांबले होते.

मी फोनजवळ गेले. "अडकले नाहीत."

"कोन बोलून राह्यलं?"

"मी, पोरीची माय. मी म्हनीन तवा निघतात ते पैसे. तिच्या नर्सिंगचे हायत. गाडीले नाही भेटनार."

"ईनबाई, तुमाले बोलता येते व्हय?" व्याही हसले. "आन पोरगी काय जन्मभर घरी ठेवता?"

"शिकन ती. मंग तिचं ती पाहीन."

फोन बंद झाला. सासूबाई म्हणाल्या, "आता नाही नेत ते." मालकांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "नाही नेत तं नाही."

प्रवेश लागला त्या आठवड्यात लेकीने आणि मी पैसे काढून घेतले. ठेवले होते त्याहून थोडे जास्तच आले. फी भरून उरले त्यात तिची पेटी आणि गादी घेतली. मालक तिला वाशीमला नर्सिंगच्या होस्टेलवर सोडून आले. सासूबाई अजून म्हणतात, पोरगी आपल्या घरी गेली असती तर बरं झालं असतं. तसं म्हणत म्हणतच तिच्यासाठी चिवडा बांधून देतात.